नलूकाकू आणि पाणी जास्त झालेलं झाड

नलूकाकू कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की नाव, गाव, नवरा कुठल्या कंपनीत, यातलं काहीही विचारायच्या नाहीत. चष्म्याच्या वरून बघत एकच प्रश्न टाकायच्या, "नोंदणी झाली का?"

टेक्सासमधल्या अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडत उभ्या असलेल्या एका तरुण जोडप्याला त्यांनी हे माझ्यादेखत विचारलं होतं. मुलगा गोरामोरा झाला. म्हणाला, "हो काकू, दोन्ही झालं. रजिस्टर पण आणि वैदिक पण."

"लग्नाचं नाही विचारून राहिली मी. मताचं विचारून राहिली. सिटिझन झाले ना तुम्ही?"

"नाही, अजून ग्रीन कार्डच प्रोसेसमध्ये..."

"मग आटपा ना लौकर," असं म्हणून त्या डाळींच्या रांगेकडे वळल्या. जणू ग्रीन कार्ड या मुलाच्या आळसामुळेच अडलं होतं.

ग्रीन कार्डच्या रांगेत मीही होते आणि अजून आहे. प्लेनोला काकूंच्या शेजारच्या घरात आम्ही राहायला गेलो, तेव्हा मला वाटलं, या बाईंच्या दृष्टीने मी बिनकामाची ठरणार. पण तसं झालं नाही. काकू गाडी चालवत नसत. मुलाने, म्हणजे मंदारने, त्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता. पण हायवेला लागायच्या आधीच त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि म्हणाल्या, "हे विमान उडवायचं काम आहे, मले नाही जमणार." तेव्हा त्यांना गाडी हवी होती आणि घडीचं टेबल उचलायला माणूस हवा होता. या दोन्हींसाठी मतदार असावं लागत नाही. अशा रीतीने मत नसलेली मी, मतदार नोंदणीच्या कामाला लागले.

काकू नागपूरच्या. नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यामुळे त्यांचं इंग्रजी अगदी अस्खलित होतं, पण ते सगळं टेलिफोनचं. समोरचा बोलता बोलता अडखळला की त्या म्हणत, "गो अहेड, यू आर कनेक्टेड." कुणी फार वेळ बोलत राहिलं की घड्याळाकडे न बघता सांगत, "थ्री मिनिट्स ओव्हर." पूर्वी ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे, हे अमेरिकेत कुणाला ठाऊक? लोकांना वाटे, या बाईंची कुठलीशी कडक शिस्त आहे. ते मुकाट्याने थांबत. एकदा शहराच्या एका सभेत खुद्द मेयर थांबले होते.

मार्जबाई त्यांना भेटल्या त्या शपथविधीच्या दिवशी. नव्या नागरिकांची शपथ झाली की हॉलच्या बाहेर स्थानिक बायकांच्या एका संघटनेचं टेबल असतं. तिथे लगेच मतदार म्हणून नाव नोंदवून घेतात. मार्जबाई त्या टेबलामागे बसलेल्या. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अस्सल टेक्सन, टोपी एवढी मोठी की तिच्याखाली लहानसं कुटुंब उन्हापासून वाचावं. काकू हातात कागदी झेंडा घेऊन बाहेर आल्या. मंदार घाईत होता. "आई, ते नंतर ऑनलाइन करू, पार्किंगची वेळ संपतेय."

"पार्किंगला थांबायला सांग," म्हणून काकू टेबलासमोर बसल्या.

नोंदणी करता करता मार्जबाईंनी सहज विचारलं, "तुमच्या देशात तुम्ही मत देत होता?" त्यांचं टेक्सन इंग्रजी मी इथे मराठीतच सांगते. काकू म्हणाल्या, दर निवडणुकीला. मतदानाच्या दिवशी सकाळच्या चहाला यजमान कुठलं चिन्ह ते सांगायचे. काकू हो म्हणायच्या. दोघं स्कूटरवरून जायची, आणि आत गेल्यावर काकू बरोबर दुसऱ्याच चिन्हावर शिक्का मारायच्या. "आमचे यजमान गेले तेव्हा लोक म्हणाले, किती एकविचाराचं जोडपं होतं! अन् आमची मतं तं आयुष्यभर एकमेकांना खाऊन राहिली होती."

हे सगळं त्यांनी टेलिफोनच्या इंग्रजीत कसं सांगितलं असेल, देव जाणे. पण मार्जबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "माझा नवरा अर्ल दर निवडणुकीला अंगणात त्याच्या पक्षाची पाटी लावतो. त्या पाटीभोवतीचं गवत मी कापते. मत मात्र आजवर एकदाही तिला दिलेलं नाही."

दोघी इतक्या हसल्या की मंदार गाडीकडून धावत परत आला. त्याला वाटलं, आईला काहीतरी झालं. झालं होतं खरंच. त्या दिवसापासून आठवड्यातले निम्मे दिवस काकू मार्जबाईंच्या जुन्या पिकअप ट्रकमध्ये आणि उरलेले निम्मे माझ्या गाडीत असायच्या.

मार्जबाई त्यांना "नाऽलू" म्हणत. काकू त्यांना "मार्जबाई." दोघींनी मिळून देवळाबाहेर, क्रिकेटच्या मैदानावर, चर्चच्या अंगणात टेबलं लावली. काकूंची खरी करामत दिसायची ती आपल्या लोकांत. मराठी मंडळाच्या गणपतीत एक गृहस्थ पत्नीला घेऊन टेबलाशी आले आणि म्हणाले, "हिचंही मीच भरतो, हिला त्यातलं काही कळत नाही."

"तुम्हाला कळते का?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे काय!"

"मग तुमचं तुम्ही भरा. खुर्ची तिकडे आहे." आणि त्या बाईंना जवळ बसवून हळू आवाजात म्हणाल्या, "हे पहा, जिथं मत द्यायचं ना, तिथं एकच माणूस मावते. मुद्दामच तसं बनवलं आहे. घरी आल्यावर काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं."

त्याच गणपतीत त्यांना शोध लागला की मंडळाच्या निवडणुकीत दर कुटुंबामागे एकच मत असतं आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यायचं. काकू स्टेजवर गेल्या. आरती नुकतीच संपली होती. माइक घेऊन म्हणाल्या, "बाहेर मी शंभर वर्षं जुन्या हक्काचं टेबल लावून बसली, अन् आत बाप्पासमोर बायकांना मतच नाही?" कार्यकारिणीत खळबळ माजली. पुढच्या वर्षी घटना बदलून दर कुटुंबाला दोन मतं देण्यात आली. मतदानाच्या दिवशी बहुतेक पुरुष दोन्ही चिठ्ठ्या टाकून प्रसादाच्या रांगेत उभे राहिले. काकूंनी ते पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चला, अर्धं काम झालं."

झाडाची गोष्ट यानंतरची.

शहराच्या एका पार्कात, या भागात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ एक झाड लावायचं ठरलं. कल्पना मार्जबाईंची. त्यांच्या आजीची आई, हॅटी, शंभर वर्षांपूर्वी याच कामात होती. हॅटी आणि तिची मैत्रीण क्लारा घोड्याच्या बग्गीतून कापसाच्या गावांत फिरायच्या, चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून भाषणं द्यायच्या. लोक टोमॅटो फेकायचे. हक्क मिळाला त्या वर्षी दोघींनी जुन्या कोर्टासमोर पिकॅनचं झाड लावलं. पिकॅन म्हणजे अक्रोडाच्या भावकीतलं, टेक्सासचं लाडकं झाड. ते चांगलं वाढलं आणि पुढे पार्किंगसाठी कापलं गेलं. कापलं त्या वेळी शहराच्या कारभारात बायकाही होत्या, आणि मार्जबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना गाड्या लावायला जागा हवी होती.

"म्हणजे मत मिळालं तं झाड गेलं," काकू म्हणाल्या.

तर आता नवं पिकॅन आणि त्याखाली पितळी पाटी. पाटीवर हॅटी आणि क्लारा, दोघी मैत्रिणींची नावं. शहराची कमिटी बसली. कमिटीत काकूंनाही घेतलं होतं, कारण फोटोत निरनिराळे चेहरे असलेले बरे दिसतात. हे काकूंनी स्वतःच मला सांगितलं, आणि त्यात त्यांना राग नव्हता. "निदान खुर्ची तं दिली," म्हणाल्या. "बोलणं माझं मी आणलं आहे."

त्या बोलल्या ते शेवटच्या बैठकीत. मी टेबलाच्या टोकाला त्यांची पर्स सांभाळत बसले होते. मार्जबाई हॅटीची गोष्ट रंगवून सांगत होत्या. पाच मुलांची आई, तरी महिना महिना बग्गीतून फिरायची, आजारी पडली तरी भाषण चुकवायची नाही. काकूंनी मध्येच विचारलं, "मार्जबाई, ही बाई गावोगाव हिंडत होती तेव्हा घरी पाच पोरांना कोण पाहात होतं?"

मार्जबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "ब्यूला."

"ती कोण?"

"घरी कामाला होती. काळी बाई होती. माझी आजी तिच्याच मांडीवर वाढली."

"तिला मत मिळालं?"

मार्जबाईंनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं होतं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. कायद्यात मत सगळ्या बायकांना मिळालं होतं, पण ब्यूलासारख्या बायकांना त्या भागात पुढे कितीतरी वर्षं पेटीपर्यंत जाऊ दिलं जात नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग पाटीवर तिसरं नाव टाका. बग्गी तिच्या जिवावर चालून राहिली होती."

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, पाटीचं काम देऊन झालं आहे, अक्षरं ठरली आहेत, जागा नाही. मग त्यांना एक तोडगा सुचला. दोन नावांच्या खाली 'आणि इतर अनेक' असं घालता येईल. तेवढी जागा होती.

"जिच्या नावाला जागा नाही तिला इतर म्हणता होय?" काकू म्हणाल्या. "त्या इतरांत मीपण आलीच. तेव्हा इथं असती तं हिंदुस्थानी म्हणून मलेही कोणी नागरिक करून घेतलं नसतं." मग मैत्रिणीकडे वळून, "मार्जबाई, तुम्ही सांगा ना यांना."

आणि मार्जबाई, ज्यांनी नवऱ्याच्या पाटीभोवतीचं गवत कापत सगळा जन्म स्वतःचं मत राखलं, त्या खाली बघत म्हणाल्या, "नाऽलू, हे माझ्या घरचं आहे. तुला ते कळणार नाही."

काकूंनी माझ्या हातातून पर्स घेतली. "लाइन कट झाली," एवढंच मराठीत म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

झाड लावण्याच्या दिवशी त्या येणार नव्हत्या. म्हणून मला त्यांना पार्कापर्यंत न्यायला लागलं आणि पार्किंगमध्ये गाडी अशा जागी लावायला लागली, जिथून सगळं दिसेल पण आपण आल्याचं दिसणार नाही. प्लेनोच्या सपाट पार्कात अशी जागा नसते. काचेतून आम्हाला मेयर दिसत होते, नवं कोरं फावडं दिसत होतं. खड्डा कामगारांनी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. मेयरनी त्यात चहाच्या चमच्याएवढी माती टाकली, टाळ्या झाल्या. हॅटीच्या वंशजांची मोठी फळी पुढे उभी होती, मार्जबाईंची मामे-मावस भावंडं, सगळी तशाच टोप्यांत. मार्जबाईंना बोलायला बोलावलं तेव्हा त्यांनी भाषणाच्या आधी एकदा पार्किंगकडे पाहिलं.

"आपल्याला पाहिलं त्यांनी," मी म्हटलं.

"पाहू दे. मी तुझ्या गाडीत बसली आहे, तिच्या पार्कात नाही."

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. टेबलं वेगळ्या वेळी लागू लागली. मार्जबाई क्रिकेटच्या मैदानावर सकाळी, काकू दुपारी. माझ्या मते त्या काळात प्लेनोतल्या क्रिकेटपटूंची नोंदणी दुप्पट झाली असावी. काकू मार्जबाईंचं नाव काढत नसत. मात्र काही चांगलं झालं की बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे मान वळवायच्या आणि मग पाण्याची बाटली शोधत असल्यासारखं दाखवायच्या.

उन्हाळा आला. टेक्सासचा उन्हाळा म्हणजे सकाळी नऊला दाराची कडी हाताला चटका देते. शहराने पाण्यावर बंधनं घातली. एक दिवस पहाटे फिरायला निघाले तर पुढे काकू नातवाची जुनी बाबागाडी ढकलत चाललेल्या. नातू तेव्हा मिडल स्कूलला होता. बाबागाडीत दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून, पट्टा लावून नीट बसवलेले.

"काकू, हे कुठे?"

"झाडाला."

"त्या झाडाला? तुमचं तर भांडण..."

"भांडण माझं पाटीशी आहे. झाडाने काय केलं?" आणि थोडं पुढे जाऊन, "शहराचे लोक पाणी नाही घालून राहिले. मी पाहून आली. माती वरून अशी तडकली आहे. कोणाला सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही. काकू रोज जात होत्या. पण झाडाला ते मानवेना. पानं पिवळी पडायला लागली, तसे काकूंनी कॅन वाढवले. पानं गळायला लागली. काकू घरी हळहळत बसत. "चार कॅन नेते तरी सुकूनच राहिलं. कसली ही माती!"

मग एका शनिवारी झाडाशेजारी शहराची छोटी पाटी लागली: कृपया या झाडाला पाणी घालू नये. काकू पाय आपटत माझ्या दारात आल्या. "पाहिलं? माझ्यासाठी पाटी लावली तिने! मेयरला सांगून लावली. एका पाटीवर नाव टाकत नाही, अन् दुसरी पाटी माझ्यासाठी करून ठेवते. चल, काढ गाडी."

आम्ही पोचलो तेव्हा मार्जबाईंचा पिकअप तिथेच उभा होता. मार्जबाई झाडासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी माशांसाठी बर्फ भरून न्यायचा मोठा थोरला डबा होता, पण त्यात पाणी होतं. शेजारी पार्कखात्याची एक तरुण बाई पाटी सरळ करत होती.

काकूंना बघताच मार्जबाई म्हणाल्या, "नाऽलू, तू माझी तक्रार केलीस?"

"मी? तुम्ही केली ना माझी!"

पार्कखात्याच्या बाईने आळीपाळीने दोघींकडे, मग बाबागाडीकडे, मग माशांच्या डब्याकडे पाहिलं. गाडीच्या डिकीतून बाबागाडी काढणारी मी होते, त्यामुळे तिने माझ्याकडेही पाहिलं. म्हणाली, "तुम्ही दोघी रोज पाणी घालत होता?"

"सकाळी," काकू म्हणाल्या.

"संध्याकाळी," मार्जबाई म्हणाल्या.

"आम्हीही आठवड्याला घालतो," ती म्हणाली. "इथली काळी माती वरून तडकते, पण आत पाणी धरून ठेवते. मुळं कुजली आहेत. झाड सुकलं नाही, बुडालं आहे." फार सौम्यपणे सांगितलं तिने. मग फोनवर बोलायचं निमित्त करून लांब गेली.

दोघी झाडाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हसतील. त्या हसल्या नाहीत.

मार्जबाई डब्यावर बसल्या. "मी ब्यूलाला पाहिलं आहे," त्या म्हणाल्या. "मी लहान होते, ती खूप म्हातारी. मागच्या दाराने यायची. तिला पुढच्या दाराने कुणी ये म्हटलं नाही. मीही नाही. तू तिचं नाव विचारलंस तेव्हा मला हेच आठवलं, आणि मला तुझा राग आला."

मार्जबाईंनी वर पाहिलं. टोमणा मारायचा म्हणून नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "नाऽलू, तू एक्स्चेंजमध्ये कामाला जायचीस, तेव्हा तुझ्या घरी कोण असायचं?"

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मराठीत म्हणाल्या, "शेवंता." मग इंग्रजीत, "शेवंता. मंदारला तिनेच मोठं केलं."

"ती मत द्यायची?"

"माहीत नाही," काकू म्हणाल्या. "मी कधी विचारलंच नाही."

जगभर नोंदणी विचारत फिरणाऱ्या बाईने हे म्हटलं. त्या बाबागाडीचा दांडा धरून उभ्या होत्या. मार्जबाईंनी डब्यावर थोडं सरकून जागा केली. काकू बसल्या. मग मार्जबाईंनी टोपी काढली आणि दोघींच्या मध्ये सावली पडेल अशी धरली. ती टोपी तेवढी मोठी होतीच.

घरी गेल्यावर भारतात दिवस उजाडायची वाट बघून त्यांनी नागपूरला पुतण्याला फोन लावला आणि शेवंताला शोधायला लावलं. शेवंता वारली होती. तिची मुलगी सापडली. काकूंनी तिला विचारलं, तुझी आई मत द्यायची का गं? मुलगी म्हणाली, "दर वेळेला द्यायची, बाई. तुम्ही मतदानाच्या दिवशी सुटी देत नव्हत्या ना, म्हणून दुपारी भांडी घासायच्या आधी धावत जाऊन यायची. तुम्हाला एकदा उशीर झाल्याचं कारण सांगितलं होतं म्हणे तिनं. तुम्ही म्हणाल्या, तुला काय करायचं आहे त्यातलं."

मला हे काकूंनीच सांगितलं. त्यानंतर मला वाटतं प्रत्येकाला सांगितलं. टेबलावर येणारी बाई "मला त्यातलं काही कळत नाही" म्हणाली की काकू आधी ही गोष्ट सांगायच्या, स्वतःला जराही न वाचवता. शेवटी म्हणायच्या, "तं बाप्पा, बोलणारी मी अशी होती. आता लिही तुझं नाव."

हिवाळा लागता लागता शहराने मेलेलं झाड काढून दुसरं पिकॅन लावलं. पाटी तीच राहिली, 'आणि इतर अनेक'सकट. पितळ बदलायला कमिटी तयार झाली नाही. पण या वेळी मार्जबाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा हॅटीबद्दल थोडंच बोलल्या आणि उरलेला सगळा वेळ ब्यूलाबद्दल. मागच्या दाराबद्दलही बोलल्या. तशाच टोप्या घातलेली भावंडं हळूहळू गाड्यांकडे निघाली. एका मामेभावाने जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की थँक्सगिव्हिंगच्या घरच्या जेवणाला मार्ज आली नाही तरी चालेल. मार्जबाई थांबल्या नाहीत. मेयर घड्याळ बघत होते. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि या एका भाषणाला त्यांनी तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं नाही.

त्या वर्षीचं थँक्सगिव्हिंग काकूंकडे झालं. अर्ल आणि मार्जबाई, मंदारचं कुटुंब, आम्ही. सांबारवडी, पाटोडी आणि मार्जबाईंचा पिकॅनचा 'पाय', म्हणजे तिकडचा केकसारखा गोड पदार्थ. अर्लने काकूंना विचारलं, "तुम्ही कुणाला मत देता?" काकू म्हणाल्या, "तुमच्या घरचं मत ज्याला जाते त्यालाच." अर्ल खूश झाला. मार्जबाईंनी पिकॅनचा 'पाय' कापायला घेतला आणि कुणाकडे बघितलं नाही.

पुढे मला न्यू जर्सीत नोकरी मिळाली आणि आम्ही पिस्कॅटवेला आलो. काकू मागच्या वर्षी गेल्या. मंदारचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन जिन्यात बसले. मला त्या दिसल्या, मी टेक्सास सोडायच्या थोडं आधी पाहिल्या तशाच.

निवडणूक होती. मार्जबाईंचं चालणं तोवर बंद झालं होतं. ज्यांना आत जाता येत नाही त्यांना तिकडे गाडीत बसून मत देता येतं. केंद्रावरचा माणूस यंत्र घेऊन गाडीपाशी येतो. काकूंनी माझी गाडी ठरवली. मार्जबाई पुढच्या सीटवर, काकू मागे, मी स्टिअरिंगवर. माणूस यंत्र घेऊन आला, खिडकीतून मार्जबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि अदबीने चार पावलं मागे सरकला.

काकू लगेच मागचं दार उघडून उतरल्या आणि माझ्या काचेवर टकटक केली. "उतर."

"काकू, मी गाडी चालवतेय."

"गाडी उभी आहे. तिचं मतदान होऊन राहिलं. उतर."

"अहो, मला तर मतही नाही. मी बघून काय करणार?"

"मत नाही म्हणून डोळे नाहीत का?"

मी उतरले आणि मला नेमून दिलेल्या दिशेला, म्हणजे कुंपणाकडे, तोंड करून उभी राहिले. तरी जरा मान वळवून बघितलंच. वारा सुटला होता. काकूंनी गळ्यातली ओढणी काढली, उलगडली आणि मार्जबाईंच्या खिडकीवर पडद्यासारखी धरली. स्वतः खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, दोन्ही हात लांब पसरून. आतून काही हालचाल होईना. मार्जबाई प्रत्येक ओळ वाचत असणार. काकूंचे हात खाली यायला लागले. मी एक टोक धरायला पुढे झाले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

आतून मार्जबाईंचा बारीक आवाज आला, "नाऽलू, मला वेळ लागतोय."

"लागू दे, बाई," काकू मराठीतच म्हणाल्या, मागे न बघता. "सावकाश वाच."

आणि फडफडणारी ओढणी ताणून धरून त्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.